दोन पावसाळे पाहिलेलं काम
घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराची चौकशी

27 सप्टेंबर 2013 च्या पहाटे मुंबईत डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि 61 माणसं गेली. इमारत महापालिकेची होती आणि राहणारी बरीच कुटुंबंही पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची होती. तळमजल्यावरच्या गोदामात परवानगी न घेता केलेले बदल तपासात पुढे आले. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडली, त्यात 17 जणांचा जीव गेला. तिथेही तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं, आणि इमारतीचा भार पेलणाऱ्या भागांना हात लावला गेल्याचा आरोप झाला.

प्रत्येक दुरुस्तीचा शेवट असा होत नाही. बहुतेक वेळा वाईट कंत्राटदारामुळे पैसे बुडतात, काम अर्धवट राहतं, पहिल्याच पावसात भिंतीला ओल येते. पण या दोन घटनांतली एक गोष्ट आपल्या प्रत्येक दुरुस्तीला लागू आहे. भिंत आपल्या घरात फोडली जाते, तिचा भार मात्र वरच्या आणि खालच्या घरांशी जोडलेला असतो. म्हणून कंत्राटदाराची चौकशी करणं हे स्वतःचे पैसे सांभाळण्याइतकंच शेजाऱ्यांप्रति असलेलं कर्तव्य आहे.

ही चौकशी आपल्याकडे थोडी कष्टाची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ठरावीक रकमेपुढचं काम घेणाऱ्या कंत्राटदाराला राज्याचा परवाना लागतो आणि तो परवाना कुणालाही तपासता येतो. महाराष्ट्रात घरदुरुस्ती करणाऱ्या सर्वसाधारण कंत्राटदारासाठी असा एकच परवाना नाही. ‘रेरा’ या स्थावर मालमत्तेच्या कायद्याचा आधार इथे मिळेल असं अनेकांना वाटतं, पण जिथे नव्याने विक्री किंवा वाटप नाही अशा दुरुस्तीला प्रकल्प नोंदणीतून त्या कायद्यानेच वगळलं आहे. त्यामुळे ओळख, परवाना, जुनं काम आणि पैशांचा व्यवहार असे चार धागे आपल्यालाच जुळवावे लागतात.

आधी काम ओळखा

माणूस शोधण्याआधी काम कोणत्या जातकुळीचं आहे ते ठरवायला हवं. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 342 मध्ये किरकोळ दुरुस्तीची कल्पना स्पष्ट केली आहे. गिलावा, रंग, लादी बदलणं, संडास-न्हाणीघराची दुरुस्ती, नळ, सांडपाण्याचे पाइप आणि विजेची जोडणी बदलणं ही कामं त्यात येतात. पण भार पेलणारी भिंत, खांब किंवा तुळई काढणं वा बदलणं त्यात बसत नाही. ही रेघ मुंबईबाहेरच्या वाचकांनीही मनात पक्की करावी, कारण तिच्या अलीकडचं बहुतेक काम चांगला गवंडी करू शकतो, पलीकडच्या कामाला परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला आणि महापालिकेची परवानगी लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहत असाल तर घरातल्या फेरबदलांआधी कार्यकारी समितीची लेखी परवानगीही घ्यावी लागते. ‘सोसायटीला कशाला विचारता, दोन दिवसांत भिंत काढून देतो,’ असं जो म्हणतो त्याची पुढची चौकशी करण्याची गरज उरत नाही.

नव्या घरात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दिसला, तर तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी ‘रेरा’ने विकसकावर टाकली आहे. त्या काळात गळती दिसली तर आधी विकसकाला लेखी कळवावं. आपण परस्पर फोडाफोड केली, तर मूळ दोष कुणाचा यावरून वाद घालायला त्याला जागा मिळते.

विजेचं काम कधीही ‘तेही आमचा माणूस करून देईल’ या एका वाक्यावर सोडू नये. विद्युत मांडणीचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचं असतं आणि त्याचा परवाना शासनाच्या यंत्रणेकडून मिळतो. कंत्राटदार गवंडीकामाचा असेल तर वायरिंग तो कुणाकडून करून घेणार आहे ते नाव विचारावं आणि परवान्याची मुदत पाहावी. प्लंबिंगसाठीही महापालिकांकडे परवानाधारक प्लंबर नोंदलेले असतात.

कागद काय सांगतात

कंत्राटदाराचं व्हिजिटिंग कार्ड हातात आलं की पहिल्यांदा जीएसटी क्रमांक शोधावा. हा क्रमांक 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यक्तीचा किंवा संस्थेचा पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, व्यवसायाचं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली हे विनामूल्य दिसतं. कार्डावरचं नाव, इथलं कायदेशीर नाव आणि पैसे ज्या बँक खात्यात मागितले जातात त्या खात्याचं नाव, ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. खातं मेहुण्याचं, बिल दुसऱ्याच फर्मचं आणि फोन तिसऱ्याचा असेल, तर उद्या जाब कुणाला विचारायचा हे आजच ठरवता येणार नाही.

क्रमांक नाही म्हणून मात्र कुणाला बाद करू नये. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांपर्यंत असेल तर त्याला साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही, आणि अनेक उत्तम गवंडी, सुतार आणि रंगारी या मर्यादेतच काम करतात. सावध व्हायचं ते वेगळ्या ठिकाणी. अंदाजपत्रकात 18 टक्के जीएसटी लावला आहे आणि क्रमांकाचा पत्ता नाही, किंवा क्रमांक आहे पण नोंदणी रद्द झालेली आहे, तर तो कर सरकारकडे जाणार नाही. नोंदणी नसलेल्याला कर वसूल करण्याचा अधिकारच नसतो.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची मूळ माहिती पाहता येते. कंपनीच्या 21 अक्षरी ओळख क्रमांकातच राज्य आणि स्थापनेचं वर्ष दडलेलं असतं. ‘20 वर्षांचा अनुभव’ असा फलक आणि स्थापना मागच्या वर्षीची, असं दिसलं तर लगेच खोटं ठरवू नये. आधी एकट्याच्या नावावर धंदा करून नंतर कंपनी काढणारे पुष्कळ असतात. पण मग आधीच्या कामांचे पत्ते मागावेत. ज्याचा अनुभव खरा असतो त्याला ते सांगायला अवघड जात नाही.

छोट्या व्यावसायिकाकडे ‘उद्यम’ नोंदणीचं प्रमाणपत्र असू शकतं. त्यावरून धंदा कुणाच्या नावावर आहे आणि कुठे आहे ते कळतं. कामाच्या दर्जाबद्दल ते काहीच सांगत नाही. हीच मर्यादा सगळ्या कागदांची आहे. कागद माणूस खरा आहे का ते सांगतात. काम खरं आहे का, ते पाहायला पुढे जावं लागतं.

न्यायालय आणि पोलीस

मोठ्या रकमेचं काम असेल तर ‘ई-कोर्ट्‌स’ या संकेतस्थळावर कंत्राटदाराच्या नावाने खटले शोधता येतात. जिल्हा, न्यायालय आणि वर्ष निवडून पक्षकाराचं नाव टाकायचं. इथे नीट वाचायची सवय हवी. धनादेश न वटल्याचे, म्हणजे कलम 138 चे खटले अनेकदा दिसतील. त्यात कंत्राटदार आरोपी असेल आणि तक्रारदार सिमेंट-लादीचे दुकानदार असतील, तर त्याचा पैसा अडकलेला आहे आणि आपली आगाऊ रक्कम जुनी देणी भागवण्यात जाण्याचा धोका आहे. पण तो स्वतःच तक्रारदार असेल, तर कदाचित त्याचेच पैसे कुणी बुडवले असतील. नावसाधर्म्याचीही काळजी घ्यावी. एकाच नावाची अनेक माणसं असतात, म्हणून पत्ता आणि फर्मचं नाव जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2016 मधल्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणं वगळता प्रथम खबरी अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात. फसवणुकीच्या तक्रारी तिथे सापडू शकतात. मात्र तक्रार नोंदली गेली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे. असं काही दिसलं तर त्या माणसालाच सरळ विचारावं. प्रश्नाला तो कसा सामोरा जातो यातून बरंच समजतं.

कामावर जाऊन पाहा

गावगाड्यात सुतार आणि लोहार ठरलेले असत. काम बिघडलं तर माणूस समोरच होता. त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती, ती गेली हे चांगलंच झालं. पण शहरात आल्यावर कंत्राटदार निवडताना जुनी सवय वेगळ्या रूपात टिकून आहे: तो कुठला, आडनाव काय, आपल्याकडचा आहे का. अशा चौकशीने एकही गळती थांबत नाही. परप्रांतातून आलेला गवंडी किती सरळ रेषेत लादी बसवतो हे त्याच्या गावावरून कळत नाही, त्याने बसवलेल्या लादीवरून कळतं.

म्हणून या साऱ्या चौकशीचा कणा एकच: त्याने केलेलं, किमान दोन पावसाळे पाहिलेलं काम. मोबाइलमधले फोटो काम संपल्याच्या दिवशीचे असतात. त्या दिवशी प्रत्येक भिंत कोरडी आणि प्रत्येक रंग ताजा असतो. आपल्याकडे घराचा खरा परीक्षक जून ते सप्टेंबर या महिन्यांत येतो. पहिला पावसाळा वरवरचा दोष दाखवतो. दोन पावसाळ्यांच्या मधला उन्हाळा गिलाव्याला आणि वॉटरप्रूफिंगच्या थराला तापवून, ताणून सांध्यांत चिरा पाडतो, आणि दुसऱ्या पावसात त्या चिरांतून पाणी उतरतं. दोन पावसाळ्यांनंतरही जी भिंत कोरडी आहे, ती ज्याने केली त्याचं नाव लिहून ठेवावं.

कंत्राटदाराकडून तीन-चार जुन्या ग्राहकांचे पत्ते मागावेत आणि त्यांतल्या निदान एकाच्या घरी वेळ ठरवून जावं. ‘काम चांगलं झालं का?’ असं विचारलं की बहुतेक लोक भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी नेमकं विचारावं. ठरलेली रक्कम शेवटी किती झाली? वाढली असेल तर आधी सांगितलं होतं का? पैसे दिल्यावर तो आला का? पावसाळ्यात फोन केला तेव्हा फोन उचलला का? खालच्या मजल्यावरच्यांची काही तक्रार आली का? शक्य असेल तर खालच्या घरातल्या बाईंनाच विचारावं, कारण वरच्या न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग कसं झालं हे त्यांच्या छताइतकं खरं कुणी सांगत नाही. त्याचं सध्या चालू असलेलं एक कामही पाहावं. तिथे सिमेंटची पोती ओल्या जमिनीवर ठेवली आहेत की फळीवर, मुकादम हजर आहे का, जिना आणि लिफ्ट झाकली आहे का, राडारोडा रस्त्यावर टाकलाय की उचलायची सोय केली आहे, हे पाच मिनिटांत दिसतं.

दोन-तीन प्रश्न ज्ञानाचे

आपण इंजिनीअर नसलो तरी काही प्रश्नांच्या उत्तरांतून जाणकार ओळखता येतो.

छताला ओल आली असेल तर ‘पाणी कुठून येतंय हे कसं शोधणार?’ असं विचारा. जो लगेच गिलावा पाडून केमिकल मारायची किंमत सांगतो तो अंदाजावर काम करतो. जाणता माणूस आधी वरच्या घरातला नहाणी ट्रॅप, संडासाचा सांधा आणि पाइप पाहायला मागेल, वॉटरप्रूफिंग झाल्यावर लादी बसवण्याआधी पाणी भरून 24 ते 48 तास ठेवायचा आग्रह धरेल आणि तेवढे दिवस वेळापत्रकात मोजेल.

काँक्रीट फुगून सळई उघडी पडली असेल तर ‘सळईचं काय करणार?’ असं विचारा. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान वाढतं आणि आतून काँक्रीट फोडतं. गंज तसाच ठेवून वर सिमेंट थापलं तर ते पुन्हा सुटणारच. सैल काँक्रीट पूर्ण काढणं, सळई घासून स्वच्छ करणं, गंजरोधक लेप देणं, जुन्या-नव्या थराला जोडणारा लेप लावणं आणि मग पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर भरणं, हा क्रम त्याच्या तोंडून यायला हवा. खांबाला छिन्नी लावण्याआधी टेकू देण्याचा विषय त्याने स्वतःहून काढला, तर माणूस अनुभवी आहे.

तिसरा प्रश्न लादीचा. जुनी लादी न काढता वर मॉर्टर टाकून नवी बसवली तर फोडाफोड वाचते आणि कंत्राटदाराला ते सोयीचं असतं. पण 5 सेंटिमीटर जाडीचा मॉर्टर-लादीचा थर चौरस मीटरला साधारण 100 किलो भार टाकतो. 500 चौरस फुटांच्या घरात ते साडेचार टनांपेक्षा जास्त वजन झालं. घरातल्या खोल्यांमध्ये माणसं आणि सामानासाठी आयएस 875 या भारतीय मानकात चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलो भार धरतात. त्यातला निम्मा भार आपण कायमचा फरशीतच गाडला, हे जुन्या इमारतीत किती गंभीर आहे ते सांगायला नको. ‘वजनाचं काय?’ या प्रश्नावर जो थांबून विचार करतो, त्याच्याशी बोलणं पुढे न्यावं.

अंदाजपत्रक आणि पैसा

निदान तीन अंदाजपत्रकं घ्यावीत आणि ती एकाच कामाच्या यादीवर मागावीत. एकाने ‘बाथरूम पूर्ण – इतके रुपये’ असं लिहिलं आणि दुसऱ्याने तोडकाम, राडारोडा, वॉटरप्रूफिंगचा प्रकार, पाइपचा दर्जा, लादीचा दर असं वेगवेगळं लिहिलं, तर दोघांची तुलना होऊच शकत नाही. मालाची नावं आणि मानकं लिहून घ्यावीत. न्हाणीघराजवळच्या फर्निचरला पाण्यात टिकणारं आयएस 710 चं प्लायवूड म्हटलं असेल तर साधं आयएस 303 चं चालणार नाही. वायरवरच्या आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. सर्वांत कमी रकमेचं अंदाजपत्रक पाहून लगेच आनंद मानू नये. त्यात काय लिहिलेलं नाही, ते आधी शोधावं.

चौकशी करार झाल्यावर संपत नाही. पैसे कसे देतो यातून ती शेवटपर्यंत चालू राहते. सुरुवातीची रक्कम कामाच्या एकदशांश ते एकपंचमांशापलीकडे जाऊ देऊ नये. महागडा माल हवा असेल तर त्याचे पैसे दुकानदाराला थेट द्यावेत आणि बिल आपल्या नावावर घ्यावं. पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांशी बांधावेत: तोडकाम झाल्यावर इतके, पाणी भरून केलेली चाचणी उत्तीर्ण झाल्यावर इतके. शेवटची काही रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत मागे ठेवायची, हे आधीच लेखी ठरवावं. ज्याला आपल्या कामाची खात्री असते तो यावर बोलायला तयार होतो. पैसे बँकेतून द्यावेत. वाढीव काम तोंडी ठरलं तरी त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रकमेसह लिहून त्याचा होकार घ्यावा. आपल्या बाजूनेही शब्द पाळावा. टप्पा पूर्ण झाला की हप्ता त्याच दिवशी द्यावा, कारण तो उशिरा मिळाला की सर्वांत आधी मजुराची मजुरी थांबते.

कामगारांची चौकशी, माणुसकीने

काम करायला येणारी माणसं कोण, हे जाणून घेणं योग्य आहे. सोसायट्याही प्रवेशासाठी ओळखपत्र मागतात. पण आधारच्या पूर्ण क्रमांकाच्या प्रती गोळा करून वॉचमनच्या टेबलावर ठेवणं धोक्याचं आहे. शेवटचे चारच अंक दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ ओळखीला पुरतं.

त्याहून महत्त्वाचे प्रश्न कंत्राटदाराला विचारायचे. कामगारांसाठी अपघात विमा आहे का? बाहेरच्या भिंतीसाठी परांची बांधणार ती कोण बांधणार, आणि सुरक्षापट्टे आहेत का? कामगारांची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे आहे का? वर्षभरात 90 दिवस काम केलेल्या 18 ते 60 वयाच्या कामगाराला ही नोंदणी करता येते. जो आपल्या माणसांची मजुरी वेळेवर देतो आणि त्यांच्या जिवाची काळजी घेतो, त्याच्याकडे कुशल कारागीर टिकतात. आणि तेच कारागीर आपल्या घरात काम करणार असतात.

बिनसलंच तर

एवढं करूनही काम फसू शकतं. 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा आहे असं स्पष्ट केलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही तीच वाट पुढे नेली. मोबदल्याची रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे पोचल्यावर आपल्याकडे काय असतं? सुरुवातीला जमवलेले तेच कागद: खरं नाव, लेखी यादी, बँकेच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे होकार, तारखेसह फोटो. आधी केलेली चौकशी नंतर पुरावा म्हणून उभी राहते.

सरकारी नोंदवही नाही तोवर चांगल्या-वाईट कंत्राटदारांची नोंद ठेवण्याचं काम ग्राहकांनीच करायचं आहे. आपल्या घरच्या कामाने दोन पावसाळे पाहिले की आपणही कुणासाठी तरी साक्षीदार होतो. तेव्हा फोन आला तर भीड न ठेवता खरं सांगावं. काम उत्तम झालं असेल तर त्या गवंड्याचं नाव मोकळेपणाने पुढे द्यावं, भिंत दाखवायला घरात बोलवावं. फसलं असेल तर चिडून बदनामी न करता काय ठरलं होतं आणि काय झालं एवढंच तारखेसह सांगावं. चांगल्या कारागिराला जाहिरात परवडत नाही, त्याची भाकरी अशा खऱ्या शब्दावरच चालते. आणि पुढच्या घराची गळती थांबवायला निघालेल्या माणसाला आपल्याकडून हवं असतं तेही एवढंच.